बिननावाचा कागद

आधीच सांगून ठेवतो. या लेखातलं महाड खरं आहे, पोलादपूर खरं आहे आणि माझी चूक खरी आहे. बाकी माणसांची नावं, वाडीचं नाव, यंत्राचा नंबर आणि काही नाती मी बदलली आहेत. ज्याला मी जावई म्हणतो तो माझा जावई असेलच असं नाही. गवळकोंड शोधायला कोणी गाडी काढून घाटाकडे जाऊ नये, त्या नावाची वाडी तिथे सापडायची नाही. अंकाच्या संपादकांनी विचारलं, "साळवी, एवढी काळजी कशाला?" मी म्हटलं, लेख शेवटपर्यंत वाचा, मग विचारा.

माझी सत्तावीस वर्षं महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. टाइम ऑफिस म्हणजे गेटाशेजारची खिडकी. कोण किती वाजता आला, कोण कधी गेला, कोणाची रजा, कोणाची पाळी बदलली, सगळं त्या खिडकीत लिहिलं जातं. तिथे बसणाऱ्या माणसाला पहिल्याच महिन्यात कळतं की निम्मी माणसं खोटं बोलतात, आणि ती निम्मी कोणती हे निवृत्तीपर्यंत कळत नाही. आमच्याकडे एकाचा मेव्हणा तीन वेळा वारला होता. तो मेव्हणा मला पुढे दासगावला एका लग्नात भेटला, चांगला धट्टाकट्टा, जिलब्या वाढत होता. अशा नोकरीत माणूस संशयी होतो. माझी बायको म्हणते, "हे देवळात चप्पल काढतानासुद्धा दोनदा मागे वळून बघतात." बघतो. चप्पल अजून एकदाही गेलेली नाही.

निवृत्तीनंतर वर्षभर घरी बसलो आणि बायको कंटाळली. त्याच सुमारास पुण्याच्या एका संस्थेला महाड-पोलादपूर पट्ट्यात फिरणारा माणूस हवा होता. काम ऐकून मला हसूच आलं. कारखान्यात, पतपेढीत, दवाखान्यात जायचं आणि तिथली माणसं कामावर तोंड उघडायला कितपत तयार आहेत ते मोजायचं. साहेबाची चूक दिसली तर सांगतात का, धोका दिसला तर ओरडतात का, आपली चूक कबूल करतात का. संस्थेतली मृण्मयी नावाची मुलगी मला शिकवायला महाडला आली होती. वयाने माझ्या मुलीएवढी, बोलायला सरळ, नियमाला पक्की. मी तिला म्हणालो, "अहो, जो तोंडाने बोलत नाही तो कागदावर तरी कशाला बोलेल?"

ती म्हणाली, "काका, म्हणूनच कागदावर नाव नसतं."

कागदावर वीस वाक्यं असतात. "माझ्या वरिष्ठांची चूक मी त्यांच्या लक्षात आणून देऊ शकतो," अशा धर्तीची. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन, "अजिबात पटत नाही"पासून "पूर्णपणे पटतं"पर्यंत. माणसाने एकात खूण करायची. शेवटी चार ओळी कोऱ्या, काही सांगायचं असल्यास. मग कागद घडी करून पत्र्याच्या पेटीत टाकायचा. पेटीला कुलूप आणि किल्ली पुण्याला. पुण्यात बेरजा होतात आणि कंपनीला फक्त त्या बेरजा आणि कोऱ्या ओळींतला मजकूर टाइप केलेला दिसतो, कोणाचाही सुटा कागद दिसत नाही. विसांतली दोन वाक्यं मुद्दाम उलटी घातलेली असतात, म्हणजे एकीकडे "इथे मोकळेपणाने बोलता येतं" आणि खाली कुठेतरी "इथे गप्प राहिलेलंच बरं". एका पॅकिंगच्या कारखान्यात सगळ्यांना दोन्ही वाक्यं पूर्णपणे पटली होती. मृण्मयीला वाटलं, लोकांना वाक्यं समजली नाहीत. माझ्या मते त्यांना अगदी नीट समजली होती. साहेबांनी दिलेल्या कागदाला हो म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं आणि तेवढं पुरत होतं.

हळूहळू मला या कामाची गोडी लागली, कारण इथे संशय हेच हत्यार होतं. सगळ्या खुणा एकाच रेघेत खाली उतरत आल्या की समजायचं, सुपरवायझर मागे उभा होता. घडी आठ पदरी असली की आत काहीतरी लिहिलेलं आहे. आणि ज्या ठिकाणी सगळ्या तक्रारी चहाच्या असतात, चहा पातळ, चहा गार, चहाला साखर कमी, तिथे मी सावध होतो. माणसाला मोठं काही सांगायचं असतं पण धीर होत नाही, तेव्हा तो चहावर बोलतो.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. शिवथरकडचा एक हेल्पर कागद खिशात घालून घरी घेऊन गेला. तीन दिवसांनी आणून दिला, तो कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने सुवाच्य अक्षरात भरला होता आणि शेवटच्या ओळींत लिहिलं होतं, "माझ्या वडिलांना या बाबतीत काही म्हणायचे नाही." एका दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी कागद माझ्याच पुढे सरकवला.

"भाऊ, तुमीच मारा टिका. चांगलं जिथं असंल तिथं मारा."

"अहो, तुम्हाला काय वाटतं ते हवंय."

"मला काय वाटनार? माझी नोकरी ऱ्हावी, आनखी काय!"

असल्या कागदांचं काय करायचं ते पुण्यालाही माहीत नव्हतं. आम्ही ते "अपूर्ण" म्हणून बाजूला ठेवायचो. मला अजून वाटतं, सगळ्यांत पूर्ण कागद तोच होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो त्याकडे येतो.

वसाहतीतल्याच एका रसायनांच्या कंपनीने संस्थेकडून पाहणी मागवली. तिथले एच.आर.चे साहेब फार गोड बोलायचे. मला बघून खुर्चीतून उठले, "साळवीसाहेब, तुम्ही तर आपलेच," म्हणाले. टाइम ऑफिसच्या कारकुनाला कोणी साहेब म्हटलं की मी आधी खिसा चाचपतो. पण काम घेतलं. माझा जावई महेश याच कंपनीत उत्पादन विभागात होता. ते मी मृण्मयीला सांगितलं आणि त्याच्या पाळीला कागद वाटायला मी गेलो नाही. इतका मी काटेकोर होतो.

साहेबांशी माझे दोन वाद झाले. पहिला कंत्राटी कामगारांवरून. साहेब म्हणाले, "पर्मनंट लोकांचेच कागद घ्या ना. कंत्राटी काय, आज आहेत, उद्या नाहीत." मी हट्ट धरला. अवघड जागी हात घालायला कंत्राटी पुढे आणि बोलायच्या वेळी त्यांनी मागे, हे मला पटेना. साहेबांनी मान्य केलं.

दुसरा वाद निकाल कसा मांडायचा यावर. इतर ठिकाणी आम्ही विभागवार मांडतो. साहेब म्हणाले, विभागवार नको, उगीच एखाद्या विभागप्रमुखाचं नाव खराब होतं. मृण्मयी अडून बसली. तेव्हा मध्येच मी बोललो. माझं म्हणणं, आमच्याकडे माणूस विभागाने ओळखायचाच नाही. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की नावाच्या आधी गाव विचारतात. कंपनीच्या बसगाड्याही त्याच हिशेबाने धावतात, एक पोलादपूरची, एक बिरवाडीकडची, एक दासगावाची. एका गाडीची माणसं रोज दीड तास एकत्र बसतात, त्यांचं मत एक होतं. तर बसमार्गाने मांडा. नाव विचारू नका, फक्त बस कुठे पकडता तेवढं विचारा.

"काका, मस्त कल्पना आहे!" मृण्मयी म्हणाली.

साहेब क्षणभरही थांबले नाहीत. "उत्तम," म्हणाले. मी आयुष्यभर लोकांच्या लगेच दिलेल्या होकाराचा संशय घेत आलो, आणि नेमक्या त्या दिवशी मला फक्त माझ्या कल्पनेचं कौतुक ऐकू आलं.

कागद कँटीनमध्ये वाटले. कंत्राटी माणसं शेवटच्या बाकांवर बसली होती. त्यांत चाळिशीतला एक बारीक माणूस पेन हातात धरून नुसता बसला होता. हा सखाराम. अकरा वर्षं त्याच कंपनीत, त्यात तीन कंत्राटदार बदलले, हा तिथेच. मी जवळ गेलो तर त्याने आधी माझ्या मागे बघून घेतलं.

"भाऊ, हे कागद जातात कुठं?"

"पुण्याला. थेट."

"मधी कोन वाचतो?"

"कोणी नाही. नाव कुठे आहे त्याच्यावर?"

"नाव नाय. पर अक्षर हाय ना माजं."

"तुझं अक्षर इथे कोण ओळखतो? हजेरीला अंगठा लावता सगळे. लिही, बाबा. तुझ्या केसाला धक्का लागणार नाही, माझा शब्द."

शब्द मी सहज देत नाही. त्या दिवशी दिला. सखाराम बराच वेळ लिहीत बसला, मग त्याने कागदाची एवढीशी घडी करून पेटीत टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

पेटी पुण्यात उघडली. पण आमच्याकडचं अक्षर आणि आमची बोली तिथल्या मुलांना लागायची नाही. म्हणून कोऱ्या ओळींत ज्यांनी लिहिलंय त्या कागदांचे फोटो मृण्मयी मला मोबाइलवर पाठवायची, आणि मी मजकूर स्वच्छ टाइप करून तिला परत पाठवायचो. चाळीसेक कागद होते. बहुतेक चहाचे. एकावर असं होतं:

"दोन नंबर रिॲक्टरचा अलार्म बायपास केलाय. वाजला की बॅच थांबवायला लागते म्हणून. उद्या माणूस मेला तरी वाजणार नाय."

ज्यांना कारखाना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिॲक्टर म्हणजे बंद पिंप, ज्यात रसायनं तापवून एकमेकांत मिसळतात. तापमान हाताबाहेर जायला लागलं की अलार्म वाजतो आणि माणसं बाजूला पळतात. बायपास करणं म्हणजे वायर अशी जोडायची की यंत्राला सगळं आलबेल वाटत राहील. वसाहतीतले स्फोट आम्ही महाडकरांनी घराच्या काचांवरून ओळखलेले आहेत. तो कागद वाचून वाटलं, हे आधी थांबवायला हवं. पण लगेच दुसरा विचार आला तोही लिहितो: हे खरं कशावरून? कोणीतरी सुपरवायझरवर डूख धरून लिहिलं नसेल कशावरून? आमची टाइम ऑफिसवाल्यांची जात अशी आहे.

मी मजकूर टाइप केला. टाइम ऑफिसात रकाना मोकळा ठेवायची सवय नव्हती, म्हणून प्रत्येक मजकुरापुढे त्या कागदावरचा बसथांबाही लिहिला. या कागदापुढे लिहिलं, "गवळकोंड फाटा."

निकाल सांगायला मृण्मयी आणि मी कंपनीत गेलो. सरासरी चांगली आली होती, साहेब खूश होते. मृण्मयीने अलार्मचा विषय काढला आणि हे ताबडतोब तपासा म्हणून दोनदा बजावलं. साहेब म्हणाले, "बघतो ना. आणि अशी सूचना येणं हेच आमच्याकडच्या मोकळेपणाचं लक्षण नाही का?" त्यांनी अहवाल उचलला आणि मागची पानं चाळली. मागच्या पानांवर मी टाइप केलेली मजकुरांची यादी जोडलेली होती.

दोन आठवड्यांनी मी महाडच्या बाजारात सुकी मासळी घेत होतो. एक बाई समोर येऊन उभी राहिली. हातात पिशवी, डोळे माझ्यावर रोखलेले.

"तुमीच ना ते कागदवाले?"

"हो. आपण?"

"मी सखारामची मालकीन. गवळकोंडची. तेंचा गेटपास बंद केला. कंत्राटदार म्हनतो, वरनं सांगितलंय, उद्यापासून येऊ नको." मासळीवाली वजन करायची थांबली. "अकरा वर्षं गेला मानूस. तापात बी गेला. तुमी काय लिवून घेतलंत तेंच्याकडनं?"

"मी बघतो," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "समदेच बगतात," आणि निघून गेली. तिचं नाव सुनीता, हे मला नंतर कळलं.

घरी येऊन मी संशयितांची यादी केली. पहिला संशय कँटीनमधल्या युनियनच्या पुढाऱ्यावर, तो त्या दिवशी उगाच दोन चकरा मारून गेला होता. दुसरा मृण्मयीवर. होय, त्या सरळ मुलीवरसुद्धा, कारण पुढच्या वर्षीचं कामही त्याच कंपनीकडून मिळणार होतं. तिला मी फोन करून आडून आडून विचारलं, कागद कोणाला दाखवलेत का? ती दुखावली. म्हणाली, "काका, कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते." तिसरा संशय खुद्द सखारामवर. हाच कोणापाशी बोलला असणार, घरी, नाहीतर बसमध्ये. मला तेच हवं होतं, कारण मग माझा शब्द शाबूत राहत होता.

म्हणून मी गवळकोंडला गेलो. पोलादपूरपासून जीपने फाटा, तिथून चढ. अंगणात सखाराम नांगराला फाळ बसवत होता. त्याने मला 'बसा' म्हटलं नाही.

"सखाराम, तू हे कोणाला बोलला होतास?"

"बायकोला पन नाय बोललो."

"बसमध्ये?"

"भाऊ, बसमधी मी झोपतो." त्याने फाळ खाली ठेवला. "मी तुमाला इचारतो. माजा कागद पुण्याला गेला का नाय?"

"गेला. माझी शपथ."

"मग सायेबाला कसं कळलं? मला केबिनमधी बोलावलान् आन् पयला सवाल काय, 'फाट्यावरचा तूच ना?' नाव इचारलं नाय, डिपार्टमेंट इचारलं नाय. फाट्यावरचा!"

पोलादपूरच्या बसला गवळकोंड फाटा हा शेवटून दुसरा थांबा. सत्तावीस वर्षं मी टाइम ऑफिसात बसथांब्यांच्या याद्या केल्या होत्या, आणि वसाहतीतल्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्या त्याच थांब्यांवर थांबतात. कुठल्या थांब्यावर किती माणसं चढतात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. या कंपनीच्या गाडीत त्या फाट्यावर एकच माणूस चढत होता. पुण्यात एका थांब्यावर दोनशे माणसं उभी असतात, मृण्मयीला कळणं शक्य नव्हतं. मला कळायला हवं होतं. नाव विचारायचं नाही हे मी इमानाने पाळलं, आणि गाव मात्र माझ्या हाताने टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्याच क्षणी हे सांगायला हवं होतं. सखाराम समोर होता, सुनीता दारात होती. मी म्हणालो, "बघतो, चौकशी करतो," आणि चढ उतरून आलो. मला लाज वाटते ती या उतरण्याची.

दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटलो. वाटलं, त्यांच्यापाशी चूक कबूल करावी आणि सखारामला परत घ्यायला सांगावं. साहेबांनी चहा मागवला. मी म्हणालो, "त्या गवळकोंडच्या माणसाचं काय झालं?"

"कोण? अच्छा, तो. ते कंत्राटदाराचं बघणं, आमचा काय संबंध?" साहेब हसून म्हणाले. "बरं, तुमचे जावई आमच्याकडेच ना? महेश. दोन नंबरवर असतात हल्ली. चांगला मुलगा. कधी कसली तक्रार नाही त्याची."

बस, एवढंच. आवाज चढला नाही, धमकी नाही. मी चहा प्यालो, कप बशीत नीट ठेवला आणि उठलो. गेटाबाहेर आल्यावर दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. महेश दोन नंबरवर होता. ज्या पिंपाचा अलार्म बंद, त्याच्यासमोर माझी मुलगी ज्याच्या डब्यात पोळ्या घालते तो उभा होता, आणि त्याने घरात एक शब्द काढला नव्हता.

रविवारी दुपारी मुलगी आणि महेश जेवायला आले. मी वरणभात कालवता कालवता विचारलं, "महेश, दोन नंबरचा अलार्म बंद आहे?"

त्याचा हात ताटात थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, तसं त्याने पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही घरचे म्हणून विचारताय की पाहणीवाले म्हणून?"

"घरचा म्हणून."

"मग जेवा."

मुलगी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मला आधी राग आला. सहा वर्षं मला बाबा म्हणणारा माणूस माझ्यावर विश्वास ठेवत नाही! मग वाटलं, का ठेवावा? माझ्या शब्दावर विसंबलेला एक माणूस घरी बसला होता, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. महेशलाही.

सोमवारी मी कारखान्यांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. रिॲक्टरच्या अलार्मची तपासणी करा, एवढी मागणी. माहिती कुठून मिळाली ते लिहिलं नाही. खाली माझं पूर्ण नाव, पत्ता, फोन. महाडच्या पोस्टात रजिस्टर केलं आणि पावती खिशात ठेवली, तेव्हा महेशची नोकरीही त्याच पाकिटात गेली असं मला वाटत होतं. घरी येऊन मृण्मयीला फोन केला आणि यादीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, ती यादी मी पण वाचली होती. मला ती नुसती गावांची नावं वाटली." तिने संस्थेत कळवलं. संस्थेने कंपनीला पत्र पाठवून सखारामला परत घ्या म्हटलं, त्यावर उत्तर आलं की हा कंत्राटदाराचा अंतर्गत प्रश्न आहे. माझं काम संस्थेने थांबवलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

काही दिवसांनी तपासणी झाली. मला सरकारी कागद आला, अलार्म चालू स्थितीत आढळला, तक्रारीत तथ्य नाही. मी तो कागद चार वेळा वाचला. तपासणीची कुणकुण आधी लागली असणार हा माझा संशय, आणि पुरावा माझ्यापाशी काही नाही. बायको म्हणाली, "झालं? मिळालं समाधान?" मी तो कागद घडी करून रजिस्टरच्या पावतीबरोबर ठेवून दिला.

त्याच आठवड्यात महेश मुलीला सोडायला आला होता. घरात आला नाही. मोटारसायकलला किक मारता मारता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, वाजतो आता. काल टेस्टला वाजला. माणसं बाहेर आली." आणि गेला.

मी पुन्हा गवळकोंडला गेलो. सखाराम आता पोलादपुरात एका हार्डवेअरच्या दुकानात गोणी उचलायला जायचा, त्या दिवशी सुट्टीवर होता. सुनीता ओटीवर तांदूळ निवडत होती. मी दारात उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर पुन्हा अवसान गेलं असतं.

"सखाराम, ती यादी मी केली. तुझ्या मजकुरापुढे थांबा मी लिहिला. दुसऱ्या कोणी नाही, मी. मागच्या खेपेला इथे उभा होतो तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी न सांगता गेलो."

सुनीताने सूप खाली ठेवलं. "बगा!" ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हनत नव्हते?"

मी म्हणालो, "तुला परत घेत नाहीत. माझ्याच्याने होईल ते केलं, झालं नाही. माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही."

"आन् अलाराम?" त्याने विचारलं.

"वाजतो."

"सायेब म्हनतात?"

"नाही. आतून कळलं. टेस्टला वाजला, माणसं बाहेर आली."

"कुनी सांगितलं?"

महेशचं नाव अगदी ओठावर आलं होतं. सखारामला सांगायला काय हरकत होती? तो कोणाकडे जाणार होता? आणि या माणसाचं मी एवढं देणं लागत होतो की एक नाव ही मोठी गोष्ट नव्हती. मी म्हणालो, "ते नाही सांगणार."

"मला पन नाय?"

"तुलाही नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही."

सखाराम माझ्याकडे बघत राहिला. कँटीनमध्ये त्याने माझ्यामागे बघितलं होतं, आता सरळ तोंडाकडे बघत होता, आणि मला ते बघणं सोसवत नव्हतं. सुनीताने सूप पुन्हा उचललं नव्हतं. मग तो उठला, मला आत घेऊन त्याने पडवीचं दार लोटलं आणि तो माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसला.

"भाऊ," तो म्हणाला, "कागदावर मी अर्धंच लिवलं हुतं."

उरलेलं अर्धं त्याने मला तासभर सांगितलं. ते इथे छापणार नाही. ज्या कार्यालयात पोचायला हवं तिथे ते पोचलं आहे, त्यात कुठल्याही गावाचं नाव नाही, आणि खाली सही एकट्या माझी आहे.